रतनवाडी ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस: तंबू कुठे ठोकायचा?

अर्धाकप | १४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

२५ ते २७ डिसेंबर असे तीन दिवस आम्ही सात जण रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून, कुमशेत आणि पाचनई करत हरिश्चंद्रगडावर जायचं म्हणतोय. उतरताना टोलार खिंडीतून खिरेश्वर. सातांत माझे बाबा (वय ६३, रोज पर्वती चढतात आणि भेटेल त्याला ते सांगतात), भाचा (वय ११), ताई, भावोजी, मी आणि ऑफिसातले दोघे.

हरिश्चंद्रगड मी याआधी दोनदा केलाय. दोन्ही वेळा पाचनईकडून, पैसे भरून, कुठल्यातरी ग्रुपबरोबर. दुसऱ्या वेळी कोकणकड्यावर तंबूला तंबू चिकटलेला आणि रात्री दोनपर्यंत स्पीकर. शेजारच्या तंबूतल्या माणसाचं ब्रेकअप का झालं ते मला अजून पाठ आहे. म्हणून या वेळी जिथे माणूसच नाही अशा जागी एक तरी रात्र काढायची, असं ठरवलंय.

बेत असा: पहिल्या रात्री खिंडीत तंबू. दुसऱ्या दिवशी कुमशेत, पाचनई करून गड, रात्री कड्यापासून लांब तंबू. तिसऱ्या दिवशी खाली. तीन तंबू घेऊनही झालेत (हो, आधी खरेदी, मग चौकशी. घरी यावर पुरेसं बोलून झालंय).

प्रश्न: खिंडीत सपाट जागा आहे का? पाणी मिळेल का? मोबाइलवर ट्रॅक उतरवून घेतलाय, तरी वाटाड्या लागेल का? आणि बिबट्या? (शेवटचा प्रश्न आईचा.)

---

करवंद

पयला! बाकी सावकाश लिहिते.

---

नाणेघाटी

मस्त रूट. पण तुमचं दुसऱ्या दिवसाचं गणित गंडलंय. रतनवाडी ते खिंड रमतगमत चार तास. खिंडीतून उतरून कुमशेत आणखी दोन. कुमशेत ते पाचनई चार-पाच तास, कारण मध्ये मुळा नदीच्या खोऱ्यात उतरून पुन्हा चढायचंय. पाचनई ते मंदिर अडीच-तीन. म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशी चार तास आणि दुसऱ्या दिवशी नऊ-दहा तास चालणार, तेही अकरा वर्षांचं पोर, त्रेसष्टचे बाबा आणि पाठीवर तंबू घेऊन. डिसेंबरात सहाला अंधार पडतो. पाचनईची वाट अंधारात करायला हरकत नाही, पण थकलेल्या माणसांना घेऊन नको.

पहिला मुक्काम कुमशेतला करा, दोन दिवस बरोब्बर वाटले जातात.

---

कातळकडा

नाणेघाटींचं तासांचं गणित बरोबर आहे, पण धागाकर्त्याला गावात राहायचंच नाहीये. ते माणूस नसलेली जागा विचारतायत आणि तुम्ही त्यांना गावात पाठवताय.

खिंडीत आम्ही राहिलोय. खूप वर्षं झाली, तेव्हा कुणी विचारत नसे. जागा आहे थोडी, पण वारा असा की तंबूचे खुंटे उपटून निघतात. एकीकडे रतनगड आणि खुट्ट्याचा सुळका, दुसरीकडे आजोबा डोंगर, लांबवर हरिश्चंद्रगडाचा पसारा. त्या रात्रीसारखी रात्र पुन्हा मिळाली नाही. मी सांगीन की राहा.

---

वनपाल_नाही_मी

कातळकडा, "तेव्हा कुणी विचारत नसे" हेच खरं कारण आहे. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि चूल पेटवणं तर वन्यजीव संरक्षण कायद्यात (१९७२) थेट सापडतं. खिंड म्हणजे ऐन जंगल. तिथे तंबू ठोकायचा असेल तर आधी वनखात्याकडून लेखी परवानगी काढा. "आम्ही शांत बसणारे आहोत" ही परवानगी होत नाही.

गडावरच्या मुक्कामाचे नियम हंगामाप्रमाणे बदलत राहतात. निघायच्या आठवड्यात पाचनईच्या नाक्यावर फोन करून विचारा, तीन वर्षांपूर्वीच्या ब्लॉगवर विसंबू नका.

---

ढगफोडे

वासोट्याचं काय झालं ते आठवा. एके काळी लोक वर राहायचे. आता बामणोलीहून लाँचने जा, संध्याकाळच्या आत परत या. लोकांनी चुली पेटवल्या, बाटल्या टाकल्या, नियम आला. (व्याघ्र प्रकल्प आहे हे मान्य, पण बाटल्यांनी काही मदत केली नाही.)

---

करवंद

आता सावकाश. पाण्याबद्दल.

रतनवाडीतून निघताना सुरुवातीला प्रवरेच्या पात्रातूनच चालता, तिथे पाणी दिसेल आणि वाटेल की काय प्रश्नच नाही. रतनगडाची आणि खिंडीची वाट बराच वेळ एकच आहे. मग फाटा येतो, एक वाट शिड्यांकडे आणि दुसरी खिंडीकडे. फाट्यानंतर डिसेंबरअखेर भरवशाचं पाणी धरू नका. माणशी तीन लिटर घेऊनच चढा. खिंडीत राहायचं म्हणजे रात्रीचा स्वयंपाक, सकाळचा चहा आणि इतर विधी धरून सात जणांचं पाणी वर वाहून न्यायचं. पंचवीस-तीस लिटर. भावोजींना विचारलंत का?

गंमत बघा, घाटघर-रतनवाडीचा भाग म्हणजे नगर जिल्ह्याची चेरापुंजी. जुलैत इथे छत्री उलटी होते आणि एप्रिलात बायका हंड्यासाठी मैल मैल चालतात. सगळं पाणी धावत खाली भंडारदऱ्याला जातं.

---

अर्धाकप

भावोजींना विचारलं. ते म्हणाले, "तू पुढे हो."

नाणेघाटी, नऊ-दहा तासांचा हिशोब बघून पोटात गोळा आला. मी ट्रॅकवरचे किलोमीटर बघत होतो, चढ बघितलाच नाही.

---

चकोली

किलोमीटर बघून सह्याद्री चढणाऱ्या माणसाचा आयडी अर्धाकपच असणार.

---

बे_एरियातला_बंड्या

अवांतर आहे, पण लिहितो. इकडे योसेमिटीत जंगलात रात्र काढायची तर आधी परवाना. गर्दीच्या महिन्यांत महिनोन् महिने आधी ऑनलाइन अर्ज, आणि एका वाटेवरून दिवसाला ठरावीकच माणसं आत. खाण्याचं सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करायचं, अस्वलाला उघडता येत नाही असा. तो डबा सक्तीचा. शेकोटीलाही ठिकठिकाणी बंदी. प्रातर्विधीसाठी पाण्यापासून दोनशे फूट लांब जायचं, सहा-आठ इंच खड्डा खणायचा, नंतर बुजवायचा, आणि कागद पिशवीत घालून परत आणायचा. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आता सवय झाली.

सांगायचा मुद्दा, इथे जंगलात माणूस राहत नाही म्हणून ते जमतं. (खरं तर राहत होते, त्यांना हाकललं, तो वेगळा धागा.)

---

चकोली

अस्वलाचा डबा हरिश्चंद्रगडावरही लागेल, फक्त माकडांसाठी. गुहेत सॅक उघडी ठेवून केदारेश्वराचं दर्शन घ्यायला गेलो. परत आलो तर एक म्होरक्या माझ्या आईच्या हातच्या गुळपोळ्या खात बसलेला, दुसरा चिवड्यातले शेंगदाणे निवडून खात होता. डाळं टाकून देत होता. त्यालाही आवडत नाही.

---

मुळाकाठचा | १६ नोव्हेंबर

नमस्कार. मी मूळचा तिकडचाच, आता नाशिकला नोकरीला. भाऊ, तुमचा धागा वाचला. "जिथे माणूसच नाही" हे वाचून जरा थांबलो.

आमच्या डोंगरात माणूस नाही अशी जागा नाही हो. तुम्हाला दिसत नाही इतकंच. कुमशेत, पेठेची वाडी, पाचनई ही महादेव कोळ्यांची गावं, अन् ठाकर वस्त्या आहेत. ज्या वाटेनं तुम्ही ट्रेक करणार ती आमच्या आजीची सासर-माहेरची वाट. माझी चुलत आत्या रतनवाडीत दिलेली. दिवाळीला तिला आणायला माझा बाप खिंड ओलांडून जायचा अन् दुसऱ्या दिवशी तिला घेऊन यायचा, डोक्यावर तिचं गाठोडं. पावसाळ्यात ती वाट बंद व्हायची, मग आत्या आली तर दसऱ्यानंतरच. ज्या रानात तुम्हाला तंबू ठोकायचाय तिथं आमची गुरं चरतात, हिरडा गोळा करायला बाया जातात. कारवी तोडून कुडाच्या भिंती होतात. अभयारण्य झाल्यावर आमच्यावरच बंधनं आली, आधी आम्हीच नियम शिकलो.

तरी तुम्हाला शांतता पाहिजे हे समजतं. गडावरच्या स्पीकरचा त्रास पाचनईवाल्यांनाही होतो, पण त्यांची रोजी त्यावर आहे, काय बोलणार?

कुमशेतला राहा. कुणाच्याही ओसरीवर जागा मिळेल. नागलीची भाकरी, हुलग्याचं कढण, ठेचा. आमचा काळभात मिळाला तर नशीब. सांगून जा म्हणजे बाई ऐनवेळी सात माणसांचं पीठ मळायला बसणार नाही. शांततेचं म्हणाल तर रात्री आठला गाव झोपतं. तुम्हीच जागं राहून बघा.

---

करवंद

+१००. आत्याचं वाचून एक मिनिट काही टाइपच करता आलं नाही.

---

कातळकडा

मुळाकाठचा, तुमचा मुद्दा मनापासून पटला. "माणूस नाही" हा शब्द आमच्यासारख्यांनी शहरातून आणलाय.

पण एक शंका राहतेच. ओसरीवर राहा म्हणता म्हणता पाच वर्षांत तिथे 'होमस्टे'ची पाटी, मग अंगणात तंबू, मग गवतावर दिव्यांच्या माळा. पाचनईचं असंच झालं. आपण धागे काढून कुमशेतचंही तेच करणार नाही का? म्हणून मी खिंड म्हणत होतो.

---

मुळाकाठचा

पाटी लागली तर लागू द्या. पोरं पुण्याला हॉटेलात कपबशा धुवायला जातात, त्यापेक्षा पाटी बरी. माळा नकोत, ते गावानं ठरवायचं. तुम्ही नाही, मीही नाही, मी तर नाशिकला राहतो.

---

वनपाल_नाही_मी

इथे माझा धागाविषय सोडून एक नमस्कार.

---

सुमन_ताई_कोथरूड

मी मुद्दाम बाबांबद्दल लिहिते, कारण मी ६१ व्या वर्षी हाच ट्रेक केलाय. चढ जमतो, गुडघे उतरताना बोलतात. बाबांना दोन काठ्या द्या. घेणार नाहीत. तरी द्या. आमच्या ग्रुपात एका काकांनी काठ्या "म्हाताऱ्यांसाठी असतात" म्हणून सॅकला बांधून ठेवल्या आणि कुमशेतच्या उतारावर गुपचूप काढल्या.

रक्तदाबाची गोळी वगैरे असेल तर ती मोठ्या सॅकेत नको, त्यांच्या खिशात. पाणी तहान लागायच्या आधी. मुलाला भूक लागली की तो ते सांगत नाही, भांडतो. त्याच्या खिशात चिक्की ठेवा.

आणि टोलार खिंडीच्या वरच्या टप्प्यात कातळ आहे, रेलिंग लावलेत. दव पडून सकाळी ओलं असतं. मुलाच्या मागे एक मोठा माणूस, उतरताना पुढे.

---

नाणेघाटी

सुमनताईंना अनुमोदन. आणखी एक: मंदिर ते टोलार खिंड या वाटेवर टेकाडांमागून टेकाडं येतात, सगळी सारखी दिसतात. कारवीचं रान माणसापेक्षा उंच. आम्ही धुक्यात दोन तास एकाच ओढ्याला तीनदा भेटलो. "हा ओढा मघाशी पाहिला का?" "नाही, तो वेगळा होता." तिसऱ्यांदा तिथे आमचीच संत्र्याची सालं दिसली. (हो, तेव्हा आम्ही सालं टाकायचो. शिव्या नंतर द्या.)

म्हणून वाटाड्या घ्याच. मोबाइलचा ट्रॅक तुम्ही कुठे चुकलात ते दाखवतो, गुरांची वाट कुठली आणि माणसांची कुठली ते दाखवत नाही. निदान रतनवाडी ते कुमशेत एक आणि कुमशेत ते पाचनई दुसरा. वाटाड्याचे पैसे आधी बोलून घ्या आणि शेवटी त्यापेक्षा थोडे जास्त द्या.

टोलार खिंडीत वाघाचं कोरीव शिल्प आहे, भाच्याला दाखवा.

---

ढगफोडे

आईच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. बिबट्या आहे. तुम्हाला दिसण्याची शक्यता नगण्य, तुम्ही त्याला दिसण्याची शक्यता भरपूर. रात्री एकट्याने लांब जाऊ नका, मुलाला मागे रेंगाळू देऊ नका.

आईंना आजोबाची गोष्ट सांगा. २००९ साली टाकळी ढोकेश्वराजवळ विहिरीत पडलेला एक बिबट्या बाहेर काढून त्याच्या गळ्यात यंत्र बसवलं आणि माळशेज घाटाजवळ सोडला. वय झालेलं म्हणून त्याचं नाव ठेवलं आजोबा. तर हे आजोबा महामार्ग, रेल्वे, खाडी पार करत महिन्याभरात सुमारे सव्वाशे किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत कुणालाही काही केलं नाही. तुमच्या बाबांपेक्षा चांगला ट्रेकर.

---

चकोली

आणि खिंडीतून दिसणाऱ्या डोंगराचं नावही आजोबा. अर्धाकपच्या बाबांना भाच्यासकट तिथे उभं करून फोटो काढा: तीन आजोबा, एक अदृश्य.

---

अर्धाकप

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सव्वाशे किलोमीटर महिन्याभरात म्हणजे रोजचे चारच झाले, मी पर्वती दोनदा चढतो.

---

बे_एरियातला_बंड्या

आजोबा डोंगराला ते नाव वाल्मीकी ऋषींवरून ना? लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, असं लहानपणी ऐकलंय.

---

मुळाकाठचा

हो, तसंच सांगतात. वाल्मीकींचा आश्रम, सीतेचा पाळणा, सगळं त्या डोंगरात दाखवतात.

---

कातळकडा

गोष्टींचं निघालंच आहे तर: शिलाहार राजा झंझाने नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवमंदिरं बांधली असं परंपरेने सांगतात. रतनवाडीचं अमृतेश्वर त्यातलं एक, प्रवरेच्या काठी. आणि हरिश्चंद्रगडावरचं हरिश्चंद्रेश्वर त्यातलंच दुसरं, तिथून मंगळगंगा निघते. म्हणजे तुमची वाट एका मंदिरातून निघून दुसऱ्यात पोचते. पहिल्या दिवशी सकाळी अमृतेश्वराला अर्धा तास तरी द्या, लोक शिड्यांच्या घाईत तसेच पुढे जातात. छताकडे बघा.

गडावर चांगदेवांनी तप केलं म्हणतात, तिथल्या शिलालेखांत त्यांचं नाव आहे. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यात लिंग, चार खांबांपैकी एकच शाबूत. डिसेंबरातलं ते पाणी... भावोजींना पुढे होऊ द्या.

---

अनुस्वार

कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं का डिसेंबरात? गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये आपलीच सावली, असे फोटो फिरतात.

---

नाणेघाटी

त्याला खालच्या दरीत ढग आणि तुमच्या पाठीमागे तिरपं ऊन लागतं. सावली ढगावर पडली पाहिजे. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे सूर्य पाठीशी हवा तर सकाळ. पावसाळ्याच्या मागेपुढे संधी जास्त, डिसेंबरात कोकण सहसा स्वच्छ असतं. साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ च्या सुमारास इथूनच ते पाहून लिहून ठेवलंय.

कड्याच्या धारेवर उभं राहू नका. कडा आतल्या बाजूला वळलेला आहे, तुम्ही ज्यावर उभे असता त्याखाली बऱ्याचदा काहीच नसतं. पोटावर झोपून बघा, कुणीतरी पाय धरा. अकरा वर्षांच्या मुलाचे तर धराच.

---

जुनाजाणता

एक कबुली देतो. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही कड्याजवळ शेकोटी केली होती. थंडी होती, तरुण होतो, गिटार होती. डिसेंबरात वरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं हे डोक्यातच नाही. वाऱ्याने एक ठिणगी उडाली. पंधरा मिनिटं आम्ही सगळे चादरी आणि सॅका आपटत होतो. विझली. विझली नसती तर काय, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. सकाळी पाचनईचा एक म्हातारा वर आला, काळा झालेला पट्टा बघितला, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

शेकोटी नको. थर्मास न्या, लोकरी टोपी न्या, चांगली पिशवी न्या झोपायला.

---

करवंद

सेंट आणि डिओड्रंटही नको. आग्या मोहोळाच्या माश्यांना उग्र वास आणि धूर दोन्ही खपत नाहीत. कड्यांवर मोहोळं असतात, दगड मारायची हौस कुणालाही असू नये. उठल्याच तर हात न झाडता तोंड-डोकं झाकून लांब पळा.

साप: फुरसं दगडांत असतं, बारीक असतं, दिसत नाही. दगडाखाली हात घालू नका, अंधारात टॉर्चशिवाय पाय टाकू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही नाही. हलवायचं कमी आणि सरळ दवाखान्यात, राजूर किंवा अकोले. रेंज मिळेल तिथून ११२.

---

अर्धाकप | २० नोव्हेंबर

सगळ्यांचे आभार. बेत बदललाय.

पहिला मुक्काम कुमशेत, दुसरा गडावर (नियम विचारून). वाटाडे दोन. नाताळ सोडून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या वारी. भाच्याच्या शाळेत काय सांगायचं हे ताई बघणार आहे, मी त्यात पडत नाही. मुंबईहून आम्ही कसाऱ्यापर्यंत लोकलने, पुढे घोटी, शेंडी करत रतनवाडी. परत येताना खिरेश्वरहून खुबी फाटा, तिथून ताई-भावोजी आळेफाट्याकडे पुण्याला आणि आम्ही कल्याणला. खिरेश्वर ते फाटा पाचेक किलोमीटर पिंपळगाव जोग्याच्या पाण्याकडेने चालायचं की जीप बोलवायची ते त्या दिवशीच्या पायांवर.

राहता राहिले तंबू. तीन आहेत. परत घेत नाहीत, विचारून झालं.

---

चकोली

तंबूंसकट गॅलरीत एक रात्र काढा. माणूस नसलेली जागा: तुमचे भावोजी तिथे येणार नाहीत.

---

वनपाल_नाही_मी

एक तंबू गडासाठी ठेवा, गुहेत जागा नसली किंवा नियमात बसत असेल तर उपयोगी. तीन नेऊ नका. माणशी वजन दहा किलोच्या आत ठेवता आलं तर बाबा आणि भाचा दोघेही हसत चालतील.

---

अनुस्वार | २ जानेवारी

धागा वर काढतोय. अर्धाकप, झालं का?

---

अर्धाकप | १९ जानेवारी, रात्री ११:४५

झालं. काल रात्री परत आलो. मांड्या इतक्या धरल्यात की हे खुर्चीतून नाही, जमिनीवर बसून लिहितोय, कारण बसलो तो उठताच येईना.

सविस्तर नंतर. तूर्त ज्यांनी ज्यांनी सांगितलं त्यांना हिशोब देतो.

सुमनताई: बाबांनी काठ्या घेतल्या नाहीत. कुमशेतच्या उतारावर घेतल्या. तुम्ही भविष्य सांगता का? भाचा खिंडीच्या अलीकडे माझ्याशी भांडला, चिक्की दिली, गप्प झाला.

करवंद: तीन लिटर बरोब्बर पुरलं. फाट्यानंतर थेंब दिसला नाही. ऑफिसातल्या एकाने दोनच लिटर आणलं होतं, त्याला आम्ही खिंडीपासून घोट घोट मोजून दिलं.

नाणेघाटी: धुकं नव्हतं, वाटाडे होते, तरी टोलारच्या वाटेवर "हा ओढा मघाशी पाहिला का?" असं भावोजी म्हणालेच. आम्ही सगळे एकदम हसलो, त्यांना का ते कळलं नाही. त्यांनी धागा वाचला नव्हता.

कातळकडा: अमृतेश्वरला तासभर गेला, छत बघून मान आखडली. आणि खिंडीत आम्ही अर्धा तास नुसते बसलो. कुणी बोललं नाही. वारा तुम्ही म्हणालात तसाच. तंबू असता तर उडालाच असता. तिथे एक बाई डोक्यावर फाट्यांचा भारा घेऊन आल्या. आम्ही एवढे सात जण बुटाकाठ्यांसकट धापा टाकत बसलेलो. त्या टेकल्या, "कुठून आले?" विचारलं, भाच्याला दोन बोरं दिली आणि निघून गेल्या. पायात स्लिपर.

मुळाकाठचा: ज्यांच्या ओसरीवर राहिलो त्यांनी तुमच्या आत्याचं नाव ऐकल्यावर पैसेच घ्यायला नकार दिला. अर्धा तास वाद घालून घ्यायला लावले. काळभात मिळाला. बाबांनी तीनदा घेतला.

आणि तंबू. वनपाल_नाही_मी, तुमचं ऐकून एकच नेला होता. संध्याकाळी अंगणात उघडून दाखव म्हणाली घरातली पोरं. दाखवला. आत शिरली ती बाहेरच येईनात. घरातली तीन, शेजारची दोन आणि आमचा भाचा, दोन माणसांच्या तंबूत सहा जण, सकाळी सात वाजेपर्यंत. आम्ही सगळे ओसरीवर घोंगडी घेऊन. साडेआठला गाव झोपलं. मी जागं राहून बघितलं. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं, मग तेही गप्प झालं, आणि मग तंबूतून बराच वेळ खुसुखुसु हसणं.

गडावर मधल्या वारी आमच्याशिवाय चारच माणसं होती. इंद्रवज्र दिसलं नाही.

---

मुळाकाठचा

तंबू कुठाय आता?

---

अर्धाकप

कुमशेतला. बाकीचे दोन पुढच्या खेपेला घेऊन जाईन.

---

अनुस्वार

वाटाड्यांचा फोन नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आम्ही फेब्रुवारीत पाच जण जातोय.

---

अर्धाकप

त्यांना विचारून करतो. पण तुम्ही किलोमीटर बघून बेत केला नाहीत ना?

---

अनुस्वार

...

आज पुन्हा बसतो.